पंचवीस वेळा दाबलेलं एंटर

चहा ओता, सांगते. पण हसायचं तर आत्ताच हसून घ्या, शेवटपर्यंत हसू टिकेलच असं नाही.

मी मानोऱ्याच्या एका मुलींच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तासावर नेमलेली बाई, म्हणजे ना घरची ना दारची! आमच्या लॅबमध्ये चोवीस कॉम्प्युटर, सगळ्यांवर ऑपरेटिंग सिस्टिमची साधी, घरगुती आवृत्ती. आम्हाला टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र हवं होतं आणि केंद्राला लागते वरची आवृत्ती, तीही परवाना चालू केलेली. केंद्र मिळालं की आसपासच्या तांड्यांवरच्या पोरींना परगावी जायला नको. संस्थेने त्यासाठी एकच 'की', म्हणजे परवान्याचा क्रमांक, घेतली. पंचवीस वेळा चालणारी.

हाताने करायचं तर प्रत्येक कॉम्प्युटरपुढे बसून ते लांबलचक अक्षर-आकड्यांचं प्रकरण टाका, बंद-चालू करा, वाट पाहा. मी म्हटलं, छे! आपण स्क्रिप्ट लिहू. तीन हप्ते डोळे फोडले आणि लिहिली. एकदा एंटर दाबलं की आवृत्ती बदलते, कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होतो, की आत जाते, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली 'परवाना चालू करा' ही राखाडी अक्षरं गायब!

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. गेली अक्षरं! मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबले का? छे!

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, असं कसं? याचं उद्घाटन करा लागन!"

आमच्याकडे हातपंपाचंही उद्घाटन होतं. हार आले, नारळ आला, फोटोग्राफर गजू आला. मी ऑफिसातला कॉम्प्युटर पुसून पहिल्यासारखा केला. भाऊसाहेबांनी एंटर दाबलं. अक्षरं गेली. टाळ्या!

गजू म्हणाला, "मॅडम, अक्षरं गेली तवा साहेबाचे डोये मिटेल होते. अजून एक डाव करा ना!"

केलं. मग उपाध्यक्षांना वाटलं, आपणही दाबावं. मग सचिवांना. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब व्याह्यांना घेऊन हजर.

"आमच्या मॅडमनं काय केलं पाहा! एंटर दाबा तुमी, भेऊ नका."

आठवडाभर हेच. पुसायचं, दाबायचं, टाळ्या. आणि खरं सांगू? मला फार आवडत होतं हो! तासावरच्या बाईसाठी कोण टाळ्या वाजवतं? शेलूबाजारहून आई आली, तिलाही एंटर दाबायला लावलं. ती म्हणाली, "एवढुसं पुसाले तीन हप्ते लागले तुले?"

की संपेल, असं डोक्यात आलं नाही? आलं ना! पण कॉम्प्युटर एकच, तर मोजणार एकदाच, असा माझा ठाम समज. एका माणसाचं राशनकार्डावर दोनदा नाव लागतं का? मोजदाद ठेवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला मात्र दर वेळी पुसलेला कॉम्प्युटर नवाच वाटत होता.

परीक्षेचं केंद्र द्यायचं की नाही हे ठरवायला साहेब येणार होते; भाऊसाहेबांनी लॅबसाठी त्या तपासणीच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त काढला होता. त्या दुपारी मी चोवीसही कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट सोडली. सगळे एकदम बंद झाले, एकदम चालू झाले. चोवीसही पडद्यांवर तीच राखाडी अक्षरं! खाली संदेश: या कीची मर्यादा संपली. हेल्पलाइनवाला गोड आवाजात म्हणाला, "अर्ज करा, मर्यादा वाढवायला चार-पाच दिवस लागतील." मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

सकाळी तपासणीचे साहेब आले. एकेक पडदा पाहत फिरले.

"एकही चालू नाही?"

"ऑफिसातला आहे ना सर," मी म्हटलं. "तो पंचवीस वेळा चालू केलाय."

त्यांनी मान वर न करता काहीतरी लिहिलं. केंद्र कारंजाला गेलं.

परीक्षेला बसणाऱ्या चोवीस पोरींपैकी एकवीसच कारंजाला यायला तयार झाल्या. तिघींच्या घरचे म्हणाले, एवढ्या दूर पोरगी धाडत नाही. त्यातल्या एकीच्या वडिलांना मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी तं म्हणल्या होत्या इथंच होईन म्हणून." त्या तिघींची नावं मला अजून झोपू देत नाहीत. आणि स्क्रिप्ट? त्यात एकही चूक नव्हती, हेच तर दुखतं.

परीक्षेच्या दिवशी मी पोरींसोबत एसटीने कारंजाला गेले. केंद्राच्या दाराशी ताटकळत उभ्या होतो, तेवढ्यात तिथला माणूस घाबराघुबरा बाहेर आला. "दोन कॉम्प्युटर अडकले हो! कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी हाय का इथं?"

माझ्या अंगात एकदम बळ आलं. इतक्या दिवसांनी कोणाला तरी माझी गरज होती! मी पाऊल उचललं, तर माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी कविता, तिने मागून माझी ओढणी घट्ट धरली.

"मॅडम," ती अगदी मायेनं म्हणाली, "पाया पडतो तुमच्या, आमचा पेपर होऊ द्या. मंग लावजा हात."