देवयानीचा तीळ

आमचं शेतकऱ्यांसाठीचं पत्रक चार पानांचं. बाबा ते लिहायचे, मी शुद्धलेखन बघायचे आणि बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं ते वरवट बकालला वाटायचो. मी अक्षरं शिकले तीही त्यातच. बियाणं, भाव, जाब द्या. बाबांचा एक नियम मोडायची सोय नव्हती: रंगवलेलं चित्र छापायचं नाही. कापसाच्या बीटी बियाण्याच्या पाकिटावर उशीएवढी बोंडं असायची आणि वावरात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. लोकांचा छापलेल्या चित्रावरचा विश्वासच उडाला होता. तो ज्यांनी उडवला त्यांचा मला अजूनही राग येतो.

त्या हिवाळ्यात मी म्हटलं, मी देवयानी दीर्घिकेचा फोटो काढते, शेवटच्या पानावर तो छापू. बाबा हसले नाहीत. "खरा असंल तर छापू," एवढंच म्हणाले.

मला तो छापून यायलाच हवा होता. वर्षानुवर्षं आमच्या पत्रकात नुकसानच छापलं जायचं. एकदा तरी आपल्याच वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, दिसणारं काहीतरी देखणं लोकांच्या हातात द्यायचं होतं.

कॅमेरा होता फोटो स्टुडिओवाल्या चाचांचा. लग्न नसेल त्या दिवशी ते तो लांबच्या लेन्ससकट मला देत. जेवणाच्या आधी, अंधार पडल्यावर, मी धुऱ्यावर स्टँड लावला आणि डोक्यावर पुसट डागासारख्या दिसणाऱ्या देवयानीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या संगणकावर तो मोठा केला तर सगळीकडे रवाळ दाणे, मधूनमधून लाल ठिपके. जाणकार याला नॉइज म्हणतात.

"तुह्या आभाळाले बोंडअळी लागली काय व पोरी?" चाचा म्हणाले. "सरक तिकडं."

चाचांचा हात नवरींचे चेहरे गुळगुळीत करण्यात बसलेला. चहा येईपर्यंत आकाश मखमलीसारखं झालं. मी नाचतच फोटो घरी नेला. बाबांनी ताऱ्यांचं जुनं पुस्तक काढलं, आधी चित्र बघितलं, मग माझा फोटो.

"हिच्या कडंले एक लहानी गोल दीर्घिका हाये म्हन्ते. ते कुठी गेली?"

गेली होती खरी. मी तशीच परत स्टुडिओत.

"ते होय?" चाचा शांतपणे म्हणाले. "तो तीळ म्या पुसला. नवरीचा पुसतो तसा."

"चाचा, ती अख्खी दीर्घिका होती."

"मले काय मालूम? तूनंच सांगतलं, देवयानी नाव हाये म्हून."

आम्ही दोघं इतके हसलो की पासपोर्ट फोटोसाठी आलेला माणूस बाहेरच थांबला. पण हसून झाल्यावर मी ठरवलं, पुसापुशी नाही. पाकिटावरचं बोंड फुगवणारे आणि आकाश गुळगुळीत करणारी मी, यात फरक काय राहिला असता?

मग वाचून वाचून खरा रस्ता सापडला. एकाच जागेचे खूप फोटो काढायचे आणि संगणकाने ते ताऱ्यांवर तारे जुळवून एकमेकांवर ठेवायचे. पुढच्या अमावास्येच्या आसपास बाबा घोंगडी पांघरून माझ्यासोबत धुऱ्यावर आले. दोन-दोन सेकंदांचे दोनशे फोटो. बाबा मोजत होते.

"एकाच चीजेचे इतके काऊन?"

"दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, बाबा. दीर्घिका तिथंच असते. सगळ्यांची सरासरी काढली की दाणे फिके पडतात, ती उरते."

बाबा म्हणाले, "म्हंजे आपन अळीचं छापाच्या आधी वीस वावरात इचारतो तसं. कोनी वाढवून सांगते, कोनी लपवते. सगळ्यायचं जुळते तेवढं छापायचं."

मग मी लेन्सला टोपी लावली आणि त्याच थंडीत, तेवढ्याच वेळाचे आणखी तीस फोटो काढले.

"आता टोपी लावून अंधाराचे?"

"लाल ठिपके कॅमेऱ्याचेच आहेत. यात ते एकटे दिसतात. मग ते वजा करायचे."

"सोताची खोट आधी," बाबा म्हणाले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

दोन दिवसांनी स्टुडिओत संगणकाने काम संपवलं. दाणे जवळजवळ विरले होते, लाल ठिपके गेले होते, आणि दीर्घिकेच्या कडेला तीळ जागेवर होता. चाचांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "म्या हात नाई लावत," म्हणाले.

बाबांनी पुस्तक शेजारी धरून फोटो कितीतरी वेळ बघितला. मग पेन मागितलं आणि फोटोखालची ओळ स्वतः लिहिली: किती फोटो एकत्र केले, काय वजा केलं, काहीही रंगवलेलं नाही.

त्या बाजारात एकही पत्रक परत आलं नाही. चाचांनी एक स्टुडिओच्या काचेला आतून चिकटवलं. आता ते प्रत्येक नवरीला आधी विचारतात, "तीळ ठिवू का काढू?" बहुतेक जणी ठेवा म्हणतात.