पाटीवर न आलेलं वाक्य

ओटिली क्रान्झ, आमची टिली, पाचव्या वर्षी लाल तापात बहिरी झाली. बहिऱ्यांच्या शाळेत कुणी हातवारे केले की मास्तर हात मागे बांधायचे. बोलायचं ते तोंडाने आणि ऐकायचं ते डोळ्यांनी. म्हणून ती ओठ असे वाचायची, की समोरच्या फलाटावरची भांडणं मला तिच्याकडून बसल्या जागी कळायची. आपला आवाज मात्र तिला कधी मापता आला नाही. ती कुजबुजायला जायची आणि अख्ख्या कपडेखात्याला ऐकू जायचं.

कपडेखातं म्हणजे बर्लिनच्या वायसेनझे भागातल्या आमच्या काचेच्या सिनेमा स्टुडिओतलं. तिथे आम्ही दोघी सात वर्षं एकाच टेबलावर शिवत बसलो.

एगॉन ल्युडर्स त्या स्टुडिओत गर्दीच्या प्रसंगांत उभं राहायला यायचा. दिसायला देखणा, पण कॅमेऱ्यासमोर लाकडाचा ओंडका. त्याला टिलीने घडवलं, बाकी कुणी नाही. जेवणाच्या सुट्टीत ती पाव बाजूला सरकवून त्याला समोर बसवायची. "आवाज न करता माझ्याशी बोल," म्हणायची. "भुवया कसल्या उडवतोस? रडू हनुवटीत आण." वर्षभरात ओंडक्याला पालवी फुटली. दिग्दर्शकांना वाटलं, हिरा आपणच शोधला. युद्धावरून परतलेल्या सैनिकाची मोठी भूमिका त्यांनी एगॉनला दिली. नोंदणी कचेरीच्या फळ्यावर टिली आणि एगॉनच्या लग्नाची नोटीस लागली, आणि टिलीने दोन खोल्यांचे पडदेसुद्धा शिवून ठेवले.

मुक्या चित्रपटात नट ओठ हलवतो, पण काय बोलतो ते कुणी विचारत नाही. खरं वाक्य मागाहून पडद्यावर लिहिलेल्या पाटीवर येतं. आमचे नट तर ढसाढसा रडताना एकमेकांना पायाच्या भोवऱ्यांवरचे उपाय सांगायचे. त्या दिवशी ताटातुटीचा प्रसंग होता. नायिकेच्या झग्याची कड टाचून मी चार हातांवर उभी होते. एगॉनने नायिकेचे हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "त्या बहिरीला अजून वाटतंय मी तिच्याशी लग्न करणार. हा सिनेमा लागू दे, मग दाखवतो तिला दार."

नायिकेने हसू दाबायला त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. दिग्दर्शक खूश झाले, असा हुंदका पाहिला नाही म्हणाले.

मी मूग गिळून बसले. तिचं मन कशाला मोडायचं, असं स्वतःला समजावलं. खरं कारण म्हणजे मी घाबरले होते, कारण एगॉनचा शब्द आता स्टुडिओत चालायचा. शिवाय तो तुकडा कात्रीत जाईल, अशी वेडी आशाही होती.

पहिल्या खेळाला एगॉनने तिला नेलं नाही. गर्दीत तुला त्रास होईल, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच मला चित्रपटाला चल म्हटलं. मी डोकेदुखीचं निमित्त काढलं, पण तिने मला ओढतच नेलं.

तो तुकडा कात्रीत गेला नव्हता. पडदाभर एगॉनचा चेहरा आला. पियानोवाल्या बाई जीव तोडून वाजवत होत्या, आजूबाजूला रुमाल निघत होते. एगॉनचे ओठ हलले, एकेक शब्द स्वच्छ. तसं बोलायला त्याला तिनेच शिकवलं होतं. मग पाटी आली, 'मरेपर्यंत मी तुझाच.' आणि टिली बोलली. तिच्या लेखी ती कुजबुजत असावी, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"त्या बहिरीला अजून वाटतंय," ती म्हणाली, "मी तिच्याशी लग्न करणार."

पुढचंही वाक्य तिने सगळं म्हटलं, सपाट आवाजात. कुणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं. तिला ते ऐकू येणार नव्हतंच.

बाहेर आल्यावर मी एगॉनला सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. केसाने गळा कापला मेल्याने, म्हटलं. ती रडत नव्हती. माझ्या ओठांकडे बघत होती.

"त्या दिवशी कड टाचायला तू गेली होतीस," ती म्हणाली.

मी मान फिरवली. रस्त्यावरचे दोघेतिघे आमच्याकडे बघायला लागले होते. तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आल्मा," ती म्हणाली, "तुला तर ऐकू येतं."