चाकूरच्या गोदामात उडती तबकडी शोधताना

कुणाच्या घरात बीपी असतं, कुणाच्या घरात शुगर. आमच्या घरात उडती तबकडी आहे. ती माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, झालेली आहे. परग्रहावरचं एक यान नायगावजवळ तुरीच्या शेतात पडलं, सरकारनं ते तासाभरात उचललं आणि चाकूरच्या एका बंद गोदामात दडवलं, असं ते दहा वर्षं सांगत आलेत. माहितीच्या अधिकारात त्यांनी इतके अर्ज टाकलेत की पोस्टमन आता आमच्याकडं चहा घेऊनच पुढं जातो. उत्तर दर वेळी एकच: 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.' त्यावर मामंजी खूश. "बघ सूनबाई, यान न्हाई असं म्हणले का ते? उपलब्ध न्हाई म्हणले!"

शेवटी मीच म्हटलं, "मामंजी, चला, गोदाम बघूनच येऊ." ते गाडीत बसायला तयार झाले. माझ्या पोटात काय होतं ते मी सांगितलं नाही. चाकूरला गफूरचाचा राहतात.

गफूरचाचा म्हणजे नायगावचे शिंपी आणि मामंजींचे जिवाभावाचे दोस्त. ते 'यान' पडलं तेव्हा शेतात सगळ्यात आधी चाचा पोचले. मामंजी तेव्हा नायगावातच वीज खात्यात लाइनमन. ते खांबावरून उतरून धावत येईपर्यंत पोलिसांनी एक पेटी ताडपत्रीत गुंडाळून जीपमध्ये टाकलीसुद्धा होती. म्हणून पहिल्या अर्जावर मामंजींनी साक्षीदार म्हणून चाचांचं नाव घातलं आणि चाचांनी सही करायला साफ नकार दिला. "सरकारनं गफूरला फोडला," म्हणत मामंजींनी बोलणं तोडलं. पुढं चाचा लेकीच्या गावी, चाकूरला गेले. तेव्हापासून मामंजी संध्याकाळचा चहा एकटे पितात आणि अर्धा ठेवून उठतात. तो अर्धा कप धुताना मला फार वाईट वाटतं.

सकाळी सातला नांदेडच्या घरून निघालो. लोह्याला थांबून सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, शेंगदाण्याचा कूट घातलेली फोडणी. प्लेटला तीस रुपये, चहा दहा. रस्ता आता झकास झालाय, पण अहमदपूरच्या अलीकडं ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर देवाचं नाव घ्या. मामंजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. नारिंगी-पांढऱ्या कापडाची ही पिशवी चाचांनीच शिवून दिलेली, भांडणाच्या थोडी आधी. सगळे पुरावे तिच्यात. बंद तुटलाय, तिथं मामंजींनी विजेच्या वायरीची गाठ मारलीय. दुसऱ्या शिंप्याकडं नेऊ का म्हटलं की खेकसतात, "भांडण गफूरशी हाय, पिशवीशी न्हाई!"

गोदाम चाकूरच्या बाहेर, बाभळीच्या आड. दाराशी वॉचमन तंबाखू मळत होता.

"दादा, आत काय हाय?" मामंजींनी सहज विचारल्यासारखं केलं.

"बारदाना हाय, मोडक्या खुर्च्या हायत अन् घुशी हायत. बघायचंय का?" त्यानं चक्क दार उघडलं. बारदाना होता, खुर्च्या होत्या आणि एका घुशीनं आमच्याकडं तुच्छतेनं बघितलंसुद्धा.

"बघितलंस का?" मामंजी बाहेर येऊन कुजबुजले. "आपण येणार म्हणून हलवलं."

आता हसू की रडू! "जेवायची वेळ झाली," म्हणत मी गाडी बाजारपेठेत वळवली आणि थेट चाचांच्या दुकानासमोर उभी केली. पाटी वाचून मामंजींनी माझ्याकडं जे बघितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण उतरले. मशीनवरचे चाचा चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले.

"किती दिले रे तुला सरकारनं?" दहा वर्षांनी मामंजींचं पहिलं वाक्य हे.

चाचांची नजर पिशवीवर खिळली होती. "मारोतराव, अजून हीच वापरून राहिलास?"

"विषय बदलू नको."

"विषय हाच हाय, बाबा." चाचा स्टुलावर बसले. "मी पोचलो तवा शेतात एक पेटी पडली होती, वर ही मोठी हवाई छत्री. पेटीवर मराठीत लिहिलं होतं, हवामानाची यंत्रं हायत, हात लावू नका."

"म्हंजे त्यांना मराठी येत होतं!" मामंजी ओरडले.

"ऐक तर! पेटीला म्या हात लावला न्हाई. पण छत्रीचं कापड... शिंपी हाव मी, मारोतराव. तसलं कापड जिंदगीत बघितलं नव्हतं. कात्रीनं कापलं अन् सायकलला बांधून घरी नेलं. त्याचे रेनकोट शिवले, गाड्यांची कव्हरं शिवली. चार पावसाळे निम्मं नायगाव तुझं यान घालून हिंडत होतं. उरलेल्याची तुला पिशवी केली. त्या अर्जावर सही केली असती तर पोलिसांनी पहिलं विचारलं असतं, कापड कुठं हाय?"

दोघांना जुळवायला आणलं आणि आता कायमचं तुटतंय की काय, या भीतीनं मी दाराची कडी घट्ट धरली. मामंजींनी फाइल बाहेर काढली, पिशवी उलटी केली, कापड बोटांत चोळलं.

"म्हंजे दहा वर्षं सरकार शोधून राहिलं, अन् यान माझ्या खांद्याला?"

"हाव."

"अन् त्यांना पत्ता न्हाई?"

"तुला तरी कुठं होता?"

मामंजींनी मांडीवर अशी थाप मारली की मशीनवरचं रीळ खाली पडलं. "अरे येड्या, मला सांगायचं होतंस की!"

"तू अख्ख्या गावाला सांगितलं असतंस."

हे इतकं खरं होतं की मामंजी हसायलाच लागले, मग चाचा, आणि हसता हसता दोघांनीही डोळे पुसले. मीही पुसले, लपवत कशाला बसू. चाचांनी वायरीची गाठ सोडून बंद मशीनखाली घेतला आणि दोनदा टीप मारून दिली. मागच्या घरात चाचींनी मटणाची तहरी, म्हणजे मसालेभात, टाकलीच होती. मामंजी माळकरी, हे त्या विसरल्या नव्हत्या; त्यांच्यासाठी वांग्या-बटाट्याची तहरी वेगळ्या पातेल्यात शिजली. संध्याकाळचा चहाही तिथंच झाला. मामंजींनी कप पूर्ण संपवला, वर अर्धा आणखी मागितला. लातूर गाठून मुक्काम करायचा बेत होता, तो राहिलाच.

आता घरी येऊन आठवडा झालाय. संध्याकाळी चाचांचा फोन येतो आणि मामंजींचा चहाचा कप रिकामा परत येतो. अर्ज बंद झालेत, पोस्टमन जरा नाराज आहे. पिशवी दाराजवळच्या खुंटीवरून मामंजींच्या कपाटात गेलीय, कुलपात. हे सगळं इथं लिहिलंय हे कृपया त्यांना कळवू नका.

परवा माझ्या नवऱ्यानं वडिलांना चेष्टेत विचारलं, "काय दादा, सापडलं का यान?"

मामंजींनी कपाटाकडं न बघता पेपरचं पान उलटलं.

"सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही."