परिच्छेद तीन वगळून

गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातल्याच एकीत, एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. हळदीतलं पिवळं द्रव्य वेगळं काढायचं आणि ते आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहायचं, हे आमचं काम. एकदा प्रयोगाच्या काचेच्या बशीतल्या बहुतेक पेशी मेल्या. त्या रविवारी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईबाबांकडे जेवताना मी ही बातमी चांगली फुगवून सांगितली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. गॅसच्या नंबरापासून माझ्यासाठी आलेल्या स्थळांपर्यंत घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्यांच्याकडे फाइल असे. त्यांनी आमच्या अहवालाची प्रत मागितली. मी कौतुकाने दिली.

पुढे कंपनीने मला दोन महिने ट्रेनिंगला बंगळूरला धाडलं. मी तिकडे असताना बाबांच्याच मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. मला काळजी नको म्हणून फोनवर कोणी काही बोललं नाही. परत आले तर बाबा निम्मे झालेले आणि आई त्यांच्यापुढे हळदीचं दूध ठेवत होती.

"अगं, ऑपरेशनची तारीख मिळाली होती," आई म्हणाली, "पण यांनी फाइलवर लिहिलंय, आधी तीन महिने हळद."

त्या तारखेला पाच आठवडे उलटले होते. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पेशी बशीत मेल्या! माणसाच्या पोटात नाही. बशीत मीठ जास्त झालं तरी त्या मरतात."

"अच्छा? अहवालात हे कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. हळद पोटात गेल्यावर गाठीपर्यंत किती पोचते, ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही आम्ही लिहिलं नव्हतं. शेवटी 'आशादायक' असा शब्द मात्र होता. तो मीच घातला होता.

"मग लेखी दे. तोंडी गोष्टीवर निर्णय फिरवत नाही मी."

संतापही आला आणि रडूही. पण बाबांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथेच बसून टिपण लिहिलं. एक: प्रयोग बशीतला आहे, माणसावर झालेला नाही. दोन: ऑपरेशन ताबडतोब करावं, हळद त्याची जागा घेऊ शकत नाही. तीन: हे आधी न सांगितल्यामुळे जो उशीर झाला, त्याला मी जबाबदार आहे.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. खाली लिहिलं, 'परिच्छेद तीन वगळून मान्य.' सही केली, तारीख घातली आणि आईला बॅग भरायला सांगितली.

ऑपरेशन झालं. गाठ यकृतापर्यंत गेली होती. त्या पाच आठवड्यांत गेली की आधीच, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाबा आणखी दीड वर्ष होते. दर रविवारी मनापासून विचारायचे, "काय गं, तुझी हळद काय म्हणते?"

"बशीतलं सांगतेय हं, बाबा," असं म्हणून मगच मी पुढे बोलायचे. ते हसायचे. मला एकदाही हसता आलं नाही.