शिडाच्या बोटीची बर्फाची पेटी

मी उद्यमनगरातला माणूस. दुधाच्या गाड्यांना गारव्याच्या पेट्या करून देणं हा माझा धंदा. राधानगरीकडनं निघालेलं दूध शहरात येईपर्यंत नासायला नको, एवढंच मी जाणतो. समुद्राशी माझा संबंध म्हणजे गणपतीपुळ्याला एकदा पँट दुमडून उभा राहिलो होतो तेवढाच. त्यामुळं कसबा बावड्याचे एक काका टेंपोत जुनी पेटी घालून आले आणि म्हणाले, "पावणं, ही शिडाच्या बोटीतली बर्फाची पेटी हाय. दीड दिवसात बर्फाचं पाणी होतंय. पाच दिवस टिकला पायजे," तेव्हा मी आधी पोट धरून हसलो. कोल्हापुरात बोट!

काका हसले नाहीत. त्यांचं आयुष्य जहाजावरच्या नोकरीत गेलेलं. निवृत्त झाल्यावर मालवणच्या बाजूला त्यांनी एक छोटी शिडाची बोट घेऊन ठेवली होती. मनात एकच, बायकोला किनाऱ्याकिनाऱ्यानं पाच दिवस फिरवून आणायचं. पण काकूंना रोज इन्सुलिन लागायचं. ऐन उन्हाळ्यात औषध तापलं की वाया, आणि बोटीवरच्या बॅटरीवर फ्रीज चालत नाही. "औषधापायी ही येत न्हाय," काका म्हणाले. "न्हायतर कवाच आली असती."

काकू टेंपोत पुढं बसल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, "बर्फ टिकला तर येतो की मी." आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात.

मी पेटी कापली आणि आ वासून बघतच राहिलो. दोन भिंतींमधला फोम चिंब भिजलेला. पिळला तर पाणी निघालं. ओली गोधडी पांघरून कुणाला ऊब आलीय का कधी? मग हा भिजका फोम काय बर्फ राखणार, कप्पाळ! सगळा खरवडून काढला, चार इंचांची पोकळी केली आणि पफ भरला. पफ म्हणजे दोन डब्यांतली दोन रसायनं, काकवीसारखी दाट. एकत्र ढवळून भिंतीत ओतली की क्षणभर काहीच होत नाही. मग ते उठायला लागतं. कोपऱ्याकोपऱ्यात शिरत, सगळी पोकळी व्यापत वर येतं आणि दगडासारखं घट्ट होऊन बसतं. वजन मात्र काहीच नाही. किती वर्षं मी हे करतोय, पण अजून दरवेळी हातातलं काम टाकून बघत उभा राहतो. देवाशपथ सांगतो, अंगावर काटा येतो.

झाकणाला नवं रबर बसवलं आणि छाती फुगवून म्हणालो, "काका, पाच काय, सात दिवस टिकंल! न्हाय टिकला तर मिशी उतरवतो."

पेटी शेडच्या दारात विटांवर ठेवली, बर्फाची लादी आत घातली. रोज दुपारी दोघं बघायला यायचे. काका झाकण उघडून आत डोकवायचे, काकू चपला काढून पेटीशेजारी स्टुलावर बसायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर लादी निम्म्याच्याही खाली. माझं डोकंच फिरलं. बर्फाच्या कारखान्याला शिव्या घातल्या, रबरवाल्याला घातल्या, उन्हालाही सोडलं नाही.  काका मात्र झाकण हातात धरून नुसते त्या बर्फाकडं बघत राहिले. त्यांचा तो चेहरा बघण्यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "भाऊ, जरा हितं खाली हात धरा."

पेटीच्या बुडाला भोक होतं. मीच पाडलेलं. दुधाच्या पेटीला धुण्याचं भोक लागतंच, नाहीतर वास मारतो. ती आमच्या हाताची सवय. बोटीच्या पेटीलाही वितळलेलं पाणी जायला वाट हवी, म्हणून मी ते तसंच सरळ ठेवून दिलं होतं. त्याखाली हात धरला. बाहेर मरणाचं ऊन, पत्रा तापलेला, आणि माझ्या तळहातावर गारवा सांडत होता. दिसत काही नव्हतं, पण धार लागलेली. गार हवा जड असते, पाण्यासारखी खाली वाहते, हे या धंद्यात राहून मला ठाऊक नव्हतं म्हणायचं का? ठाऊक होतं. पण हाताला कधी लागलं नव्हतं. धा मिनिटं मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

बेसिनखाली असतो तसा वाकडा पाइप भोकाला जोडला. पाणी त्या बाकात साठून राहतं, जास्तीचं तेवढं बाहेर पडतं आणि हवेची वाट बंद होते. एवढंच! नवी लादी घातली. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आत एवढं मोठं ढेकूळ शिल्लक, की उचलायला दोन हात लागले. नाद खुळा! काकांनी मला मिठीच मारली. मग डोळे पुसत, सगळ्या शेडसाठी चहा सांगायला बाहेर पळाले.

काकूंनी पिशवीतनं औषधाचा डबा काढला आणि बर्फाला लागणार नाही असा पेटीतल्या वरच्या फळीवर ठेवून बघितला.

"तुमच्यामुळं झालं काकू," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी तुम्हाला घावलं म्हणून."

"तिसऱ्या न्हाय," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी. हितं बसलो आणि पायाला गार लागलं."

मी विचारलं, "मग बोलला न्हाईसा?"

"भाऊ, मला पाण्याची लई भीती वाटती. औषधाचं निमित्त हुतं म्हणून निभावलं इतकी वर्सं." त्यांनी दाराकडं बघितलं. "पर तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बघवंना मला."

तेवढ्यात काका चहाचे कप घेऊन आत आले. "काय गं, काय चाललंय?"

"काय न्हाय," झाकण दाबून बसवत काकू म्हणाल्या. "निघायचं कवा, इचारत हुतो."