काउबॉयच्या हॉटेलात आलेला फोन

माझा नवरा काउबॉयची टोपी घालून बसला होता आणि मला समोरचं मक्याचं कणीस त्याच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं.

पहिल्या लॉकडाउननंतरचा उन्हाळा. भारतात जाता येत नव्हतं, म्हणून भाड्याच्या कॅम्परमधून, म्हणजे झोपा-रांधायची सोय असलेल्या गाडीतून, आम्ही तिघं, आठ वर्षांच्या लेकीसकट, बुइटनव्हेल्डर्टच्या आमच्या घरून निघालो होतो. कुकर, मुगाची डाळ, मेतकूट, सगळं मी बांधून घेतलेलं. ब्रेडा शहराच्या अलीकडे हायवेलगत एका स्टेकच्या हॉटेलाचा लाकडी बैल दिसला आणि ह्या माणसाने गाडी वळवली.

"तुला बटाटा मिळेल ना," म्हणाला.

बटाटा! मी जन्माची शाकाहारी. दारात टोपीवाल्या मुलीने खोकला आहे का विचारलं, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि आम्हाला घोड्याच्या खोगिरांवर बसवलं. भिंतभर शिंगं.

सासूबाई पुण्यात एकट्या होत्या. सोसायटीचं गेट बंद, कामाच्या बाई बंद. मार्चपासून रोज त्यांच्या रात्री नऊला फोन यायचा. मी काय रांधलं ते ऐकायचं आणि मग जेवायला बसायचं, असं त्यांचं ठरलेलं. आधी आमचं फारसं पटायचं नाही. त्या फोनांनी मला त्यांची माया लागली, अगदी खरी. पण नवऱ्याने लग्नातच बजावलं होतं, "मी मांस-मच्छी खातो हे आईला कळलं तर ती अन्न सोडेल." म्हणून तो घरी बर्गर मागवायचा आणि मी फोनवर सांगायचे, "पिठलं-भात केला आई, दोनदा घेतला त्यांनी."

आमचे साडेपाच वाजले आणि फोन आलाच. लेकीने उचलला, सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवला. टोपी, शिंगं, ताटातला लालभडक स्टेक, सगळं पुण्याला दिसलं.

"अगं आई, हिचीच हौस," नवरा पटकन म्हणाला. "हिनेच हट्ट धरला."

"बट आई हेट्स इट हिअर," लेक म्हणाली.

माझं डोकंच सटकलं. "खोटं आहे आई, साफ खोटं! हेच खातात, कायम खातात. मी आपली वर्षानुवर्षं ह्यांच्यावर पांघरूण घालतेय!" आजूबाजूचे माना वळवून बघायला लागले. बघा म्हटलं, खुशाल बघा.



"तो बाहेर काय खातो ते मला त्याच्या कॉलेजापासून माहितीये गं," सासूबाई म्हणाल्या. "शर्टाला वास यायचा. तो थापा मारणारच. पण तू सांगायचीस ते मला खरं वाटायचं."

मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता.

"चला, एकदाचं मिटलं," म्हणत नवऱ्याने सुरी उचलली.