चाळलेली भुकटी

नजीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौलला, आमच्या वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. सुट्टीवर बोर्ली पंचतनला घरी आलेला, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही... रडू यायच्या आधी मनात आलं, आता त्याला सांगायचं राहूनच गेलं. पाच आठवडे झाले, तेच अजून मनातून जात नाही.

मुंबईच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्याचा जीव तांब्याच्या ऑक्साइडांत अडकलेला. थरांवर थर असलेली ही द्रव्यं खूप थंड केली की वीज त्यांतून विनाअडथळा वाहते. चुंबकत्व बळावलं की हा गुण सहसा पळतो, तरी दोघांचं आतून काहीतरी गूळपीठ आहे, अशी नजीरला खात्री. एकाच थरात दोघं सापडावेत म्हणून तो अकीक दगडाच्या खलात भुकटी तासन्‌तास घोटायचा. लोखंडाचा कण मिसळला तरी खोटं चुंबकत्व दिसतं, म्हणून टेबलावर पोलादी चमचाही चालत नसे. "तुझं सोवळं फार कडक बाबा," मी चिडवायचे.

तीन महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी तो म्हणाला, "नमाज पढून येतो. अर्धा तास घोट आणि भट्टीत ठेव." मला रेवसची शेवटची लाँच गाठायची होती. दहा मिनिटं घोटलं, उरलेले खडे पोलादी चाळणीतून दाबून काढले, भुकटी भट्टीत ठेवली आणि भाऊच्या धक्क्याकडे पळाले.

महिन्याभराने त्याच नमुन्यात दोन्ही गुण दिसले. "बघ गं, भांडायचं सोडून एका घरात नांदतायत!" म्हणत त्याने मजलाभर खजूर वाटले. मीही खाल्ला. उद्या सांगू, उद्या सांगू... असे तीन आठवडे गेले आणि तो गेला. बोर्लीला त्याच्या बायकोला भेटायला गेले तर भाभी म्हणाल्या, "पेपर तुमीच पुरा करा, ताई. ह्यांचा नाव छापून येऊंदे, पोरांना दाखवीन." मी भित्री, मान डोलावली.

परवा त्याची वही उघडली. त्या नमुन्यापुढे त्याच्या बारीक अक्षरात होतं, "पूर्ण हाताने घोटली. चाळणी नाही." मला विचारण्याची त्याला गरजच वाटली नव्हती. शोध खराही असेल, पण आता नव्याने भुकटी करून तपासल्याशिवाय तो पेपर पाठवता येणार नाही. त्याच्या ओळीखाली मी लिहिलं, "चाळली. पोलादी चाळणीतून. मी." आणि सही केली.

भाभींना हवं होतं तसं नजीरचं नाव छापून येईल, पण त्या पेपरात नाही, तुम्ही वाचताय त्या या लेखात. त्याआधी भाभींना हे सगळं सांगायला मला बोर्लीला जायला हवं.